जुना संगणक आणि दोन प्रकारची जपणूक

बंगालमधील सेरामपूर येथील मिशनच्या छापखान्यास ११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी आग लागली. डॉ. विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली याच छापखान्यातून बाहेर पडले होते. म्हणून आपणां मराठी भाषिकांस हे स्थळ परके नाही. आगीत कागद, खिळे व पुस्तके नष्ट झाली. परंतु खिळे ओतण्याचे साचे राखेखाली शाबूत सापडले. वितळलेला धातू त्यांत पुन्हा ओतून नवे खिळे केले गेले व थोड्याच काळात छपाई सुरू झाली. मात्र कॅरीसाहेबांनी अनेक वर्षे खपून रचलेल्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित जळाले, आणि तो कोश पुढे कधी सिद्धीस गेला नाही. खिळ्यांना साचा असतो; हस्तलिखिताला साचा नसतो.

आपल्या घरातील जुन्या संगणकाचीही स्थिती अशीच आहे. ज्या प्रणालीवर तो चालतो ती पुन्हा मिळविता येते. पण आपले लेख, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे आपल्यावाचून दुसऱ्या कोणापाशी नसतात. यास्तव जपणूकही दोन प्रकारची करावी लागते.

प्रथम प्रणालीची जपणूक पाहू. पुष्कळ संगणकांबरोबर प्रणालीची वेगळी तबकडी येत नाही. ती हार्ड डिस्कच्याच एका राखीव भागात असते. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावावे, तसे हे होय. डिस्क बिघडली की मूळ व राखीव दोन्ही एकदमच जातात. म्हणून संगणक धडधाकट असतानाच 'रिकव्हरी ड्राइव्ह' तयार करावी. विंडोज १० मध्ये शोधाच्या चौकटीत हे नाव लिहिले असता ती सोय उघडते. तेथे प्रणालीच्या फायलीही घेण्याच्या पर्यायावर खूण करावी. निदान १६ जीबीची रिकामी पेनड्राइव्ह घ्यावी, कारण तिच्यावरील पूर्वीचे सर्व पुसले जाते. काम संपल्यावर तिच्यावर संगणकाचे नाव व तारीख लिहून ठेवावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेव्हा असे संगणक वापरणाऱ्यांनी तर या कामी मुळीच आळस करू नये.

परंतु एवढ्यावर निश्चिंत होणे घातक आहे, हे आम्ही स्वतःच्या चुकीने शिकलो. वर्गातील मुलांनी आपापल्या आजींकडून जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या. त्या सर्व आम्ही एकाच जुन्या संगणकात ठेविल्या. पावसाळ्यात त्याची डिस्क बंद पडली. रिकव्हरी ड्राइव्ह आमच्यापाशी होती. नवी डिस्क बसविताच संगणक दुसऱ्या दिवशी पूर्ववत् चालू लागला. पण त्यात एकही ओवी नव्हती. मुले पुन्हा घरोघर गेली. तोवर दोन आजी निवर्तल्या होत्या.

साचे आम्ही जपले होते, हस्तलिखित जपले नव्हते. रिकव्हरी ड्राइव्ह प्रणाली परत देते, आपले काम परत देत नाही. त्यासाठी निराळी प्रत हवी. जाणते लोक यासाठी एक सोपा नियम सांगतात: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. पहिली प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी मामाच्या घरी अथवा इंटरनेटवरील साठवणीत ठेविली तरी पुरे. प्रत घेतल्यावर बाहेरची डिस्क सोडवून ठेवावी. ती जोडलेलीच राहिली, तर विजेचा झटका किंवा संगणकात शिरलेला विषाणू दोहोंचाही एकदम नाश करू शकतो.

शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. घेतलेली प्रत उघडून पाहिली पाहिजे. दुसऱ्या संगणकावर दोनचार फायली उघडाव्यात. रिकव्हरी ड्राइव्हवरून संगणक सुरू होतो की नाही तेही एकदा पाहावे. मात्र पडद्यावर पर्याय दिसताच तेथेच थांबून परत फिरावे. पुढे गेल्यास असलेले पुसले जाण्याचा संभव असतो.

पालकांस आमची विनंती आहे की, येत्या सुट्टीतील एक दुपार मुलांसह या कामास द्यावी. उरलेल्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत, आणि दर महिन्याला एक विद्यार्थी त्या उघडून ऐकतो.