ऊसतोडीचे चक्र आणि मुलींचे संरक्षण

प्रश्न : ऊसतोड कुटुंबांत बालविवाह पिढ्यानपिढ्या का होतात? ते रोखता येतात का?

उत्तर : बीडच्या ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाची म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची उचल (आगाऊ रक्कम) जोडीच्या हिशेबाने मिळते, म्हणून लग्न लवकर उरकले जाते. मुलगी गावात एकटी ठेवण्याची भीती हेही तितकेच मोठे कारण. दसरा-दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीच्या फडावर गेले की मुलांची शाळा सुटते, उचल फिटत नाही आणि पुढे त्यांच्याही हाती कोयता येतो. अशा आईबापांना निर्दयी ठरवणे अन्यायाचे आहे.

लग्नाचा धोका असलेली अल्पवयीन मुलगी २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संरक्षणास पात्र ठरते. १०९८ या बाल हेल्पलाइनवर कळवल्यास बालकल्याण समितीपर्यंत प्रकरण पोहोचते. मात्र त्यासोबत मुलांना गावातच राहून शिकता यावे म्हणून हंगामी वसतिगृह हवेच, आणि तेही कुटुंब गाव सोडण्याआधी सुरू झालेले.