अन्नमार्गाचा कर्करोग : उघडे राहिलेले बारे



वाफा भरला की आपण बारे बुजवतो. शरीराचेही तसेच. अन्ननलिका, जठर, आतडे यांचे अस्तर झिजते नि नवे येते. 'आता वाढ' हा निरोप वाढ-प्रथिने पेशींना देतात. त्यांच्या शोधाबद्दल स्टॅनले कोहेन व रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल मिळाले. पेशीच्या जनुकांत बिघाड झाला की निरोप थांबत नाही. बारे उघडेच राहते, गाठ वाढते. ते बुजवणारी औषधे जठर व आतड्याच्या काही रुग्णांना आज देतात.

बिघाड कशाने? तंबाखू, विडी, दारू. जठरात हेलिकोबॅक्टर जंतू. तंबाखू-दारू जोडीने असली तर अन्ननलिकेचा धोका कैकपट वाढतो. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी फडात तंबाखू मळणे काही थांबले नाही.

बार्शीला १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव लक्षणे समजावतात. तीच आम्ही सांगतो : घास अडकणे, काळी किंवा रक्ताची शौच, विनाकारण वजन घटणे. असे दोन-तीन आठवडे राहिले तर मालेगावच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, दुर्बिणीच्या तपासणीचे विचारा. तोडणी उरकण्याची वाट पाहू नका.