धनगरी कुत्र्याला आधी ‘थांब’ शिकवा

कापूस-सोयाबीन निघून रान मोकळं झालं की हदगाव भागातल्या शेतांत धनगरांची मेंढरं बसायला येतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. वाघुरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती, रात्रभर फिरणारी कुत्री पाहून एखाद्या घरात विषय निघतोच: धनगरांकडून एक पिल्लू मागून घेऊ, शेतातल्या आखाड्यावर राखणीला होईल, लेकरांना खेळायला होईल.

मागा, पण आधी त्याचं काम ओळखा. विलायती बॉर्डर कोली मेंढरांवर नजर रोखतो, दबकत जातो आणि कळप वळवतो. आपलं धनगरी कुत्रं कळप वळवत नाही. वळवायचं काम धनगर हाकेनं आणि काठीनं करतो. कुत्रं कळपाजवळ राहतं आणि लांडगा आला की आडवं जातं. लातूरकडचे कारवान आणि पश्मी तर तिसऱ्याच जातकुळीचे, नजरेनं सावज हेरून सुसाट सुटणारे. तिघांची शिकवण एक नाही. पण घरात ठेवायचं असेल तर तिघांनाही पहिला धडा एकच: थांबायचा. पळणं त्यांच्या रक्तातच आहे, ते शिकवायला आपण लागत नाही.

पिल्लू निवडणं

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. चावा किती जोरात घ्यायचा, हे ते आई आणि भावंडांकडूनच शिकतं. पिल्लाआधी आई पाहा. धनी शेजारी असतानाही ती अनोळखी माणसावर तुटून पडत असेल, तर ते पिल्लू लेकराबाळांच्या घरात नको. मग पिल्लापासून चार पावलांवर एक भांडं वाजवा. दचकून मागे सरलं आणि थोड्या वेळानं वास घ्यायला परत आलं, तर ते घ्या. कोपऱ्यात दडून बाहेरच येईना, ते राहू द्या. न दचकता थेट अंगावर येणारं पिल्लू राखणीला उत्तम, पण पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते, तिथं घोड्यांसोबत कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. मोठी कुत्री पाहायला, पाळणाऱ्यांशी बोलायला जरूर जा. लस न झालेलं पिल्लू मात्र अशा गर्दीत नेऊ नका आणि तिथून आणूही नका. पार्व्हो नावाचा रक्ताच्या हगवणीचा आजार अशा गर्दीत सहज पसरतो.

लस, जंत आणि एक धोक्याचं औषध

सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिली एकत्रित लस द्यायची आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, पुन्हा वर्षानं, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी.

बोकड कापल्यावर काळीज-फुफ्फुसाचे कच्चे तुकडे कुत्र्यापुढे टाकायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडा. मेंढ्या-बकऱ्यांच्या त्या अवयवांत हायडॅटिडच्या गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून आणि कुत्र्याच्या केसांवरून लेकरांच्या हाताला लागतात, आणि पुढे माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात. द्यायचंच असेल तर चांगलं शिजवून द्या.

मेंढरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन अंदाजानं कुत्र्याला टोचू नका. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत असा एक जनुकीय दोष असतो की हे औषध थेट मेंदूत उतरतं. कुत्रं लडखडतं, आंधळं होतं, मरतंही. कोलीशी संकर असलेल्या पिल्लातही तो दोष येऊ शकतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय ती बाटली उघडायचीच नाही.

चौदा आठवड्यांच्या आत

या वयात जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं ते पिल्लाला जन्मभर ओळखीचं राहतं. लस पूर्ण झालेली नसते, म्हणून ते कडेवर घेऊन दाखवायचं: ट्रॅक्टर, मळणीयंत्र, हळद शिजवायचा बॉयलर, घुंगुरमाळा बांधलेले बैल, काठी टेकत येणारे म्हातारबा, हेल्मेट घातलेला माणूस, रडणारं तान्हं बाळ. प्रत्येक वेळी तोंडात एक घास द्यायचा. भीती दिसली तर चार पावलं मागे घ्यायचं, पुढे ढकलायचं नाही. ढोलताशा आणि फटाके लांबून सुरू करा.

दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं या वयातच बिघडतं. बांधून ठेवलं की राखण चांगली करतं, ही समजूत चुकीची आहे. ते राखण करत नाही, चिडून भुंकतं.

‘थांब’

घरात आधी एक शब्द ठरवा. आजी ‘उभा ऱ्हा’ म्हणते, नातू ‘स्टॉप’ म्हणतो, सालगडी ‘हाड’ म्हणतो. पिल्लानं काय समजायचं? ‘हाड’ तर बादच करा. तो आपण गावातल्या प्रत्येक कुत्र्यावर ओरडतो, त्याला अर्थच उरलेला नाही. बोलवायला ‘यू यू’ चालेल, पण नावासोबत.

सुरुवात जेवणाच्या थाळीपासून. थाळी हातात धरून ‘थांब’ म्हणा. पिल्लू उडी मारेल; थाळी वर घ्या, बोलू नका. चारही पाय जमिनीवर आले की त्याच क्षणी टाळूला जीभ लावून ‘टक्’ करा आणि थाळी खाली ठेवा. तो ‘टक्’ म्हणजे ‘बरोबर केलंस’. पहिल्या दिवशी एक श्वास थांबलं तरी पुरे. आठवड्याभरात दहा श्वासांपर्यंत न्या. मग हाच धडा फाटकात, मग पंधरा-वीस फुटी दोरी लावून मोकळ्या वावरात, मग लेकरं पळत असताना. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. पिल्लू सलग दोनदा चुकलं तर पायरी आपण घाईनं चढवली, असं समजून एक खाली या. धडा पाच मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा. बक्षिसाला भाकरीचा तुकडा घरात चालतो. बकऱ्या समोर असताना उकडलेलं अंडं लागतं.

मारून शिकवलेलं ‘थांब’ काठी हातात असेपर्यंतच टिकतं.

पळणाऱ्या लेकरांच्या टाचा धरणं हा पिल्लांचा जुना खेळ. लेकरांना सांगा: ओरडत पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी. पिल्लाला त्याच वेळी ‘थांब’ म्हणून चिंध्यांची दोरी तोंडात द्या. मोटारसायकलमागे ते एकदा धावलं आणि गाडी निघून गेली, तर त्याला वाटतं आपणच पळवली. म्हणून पहिल्याच वेळी दोरी हातात हवी. लस झालेल्या पिल्लाचा दात लागला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन दवाखान्यात जायचंच.

बकऱ्यांसोबत

राखणीचं पिल्लू असेल तर करडांच्या शेजारी, मध्ये जाळी ठेवून झोपवा, म्हणजे वासाची ओळख होते. आत सोडताना दोरी लावलेली हवी आणि आपण जवळ. करडाचे कान चावायला लागलं की ‘थांब’. बकरीनं शिंग मारलं तर मारू द्या. ती शिकवण आपल्यापेक्षा लवकर लागते. दोन वर्षांचं होईपर्यंत एकट्यावर कळप सोपवू नका. अंग वाढलेलं असतं, अक्कल नाही.

खेळ

ब्रिटनमध्ये मेंढपाळी कुत्र्यांच्या स्पर्धा १८७३ पासून, वेल्समधल्या बाला गावापासूनच्या. अडथळ्यांची शर्यत १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली गेली. आपल्याला सामान आखाड्यावरच मिळतं. सहा जाड तुराट्या दोन-दोन फुटांवर रोवा आणि घास दाखवत पिल्लाला त्यांतून नागमोडी चालवा. पोती शिवून बोगदा करा. उडीची काठी सव्वा वर्षापर्यंत घोट्याच्या वर नको, कोवळ्या हाडांची वाढ बिघडते. दर खेळाच्या मध्येच एकदा ‘थांब’ म्हणा. पळता पळता थांबलं तर मोठं बक्षीस.

धनगरी कुत्र्याला शर्यतीचा कंटाळा लवकर येतो, त्यात त्याचा दोष नाही. त्याला कडब्याच्या गंजीत लपवलेला चेंडू शोधायला लावा, तासभर रमेल. सशामागे कुत्रं सोडणं हा खेळ नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

चैत्र-वैशाखात खेळ पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याच्या पंजालाही ती ठेववत नाही. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल डळमळीत झाली की ऊन लागलं समजा. सावलीत आणा, पोट, काखा आणि पंजांवर गार पाणी ओता, वारा घाला. तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका. अंग निवायला लागलं की गाडीत घालून पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, जरी ते उठून बसलं असलं तरी.