शाळेतला छळ आणि त्याचे दूरगामी परिणाम

शाळेत मुलामुलांत होणारे प्रत्येक भांडण म्हणजे छळ नव्हे. नॉर्वेतील बर्गन येथे काम केलेले स्वीडिश मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी १९७०च्या दशकात या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाला सुरुवात केली. त्यांच्या मांडणीनुसार छळाची लक्षणे तीन: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हापुन्हा दिला जातो आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. हे बळ केवळ मनगटाचे नसते. संख्या, वय, पैसा, जात, बोलीभाषा यांतूनही ते येते. मारहाणीइतकेच चिडवणे, डबा लपवणे, खेळात न घेणे, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खिल्ली उडवणे हेही छळाचेच प्रकार आहेत.

परिणाम कसा रुजतो, हे प्रस्तुत लेखकाच्या अनुभवावरून दाखवता येते. तोतरेपणामुळे हजेरीच्या वेळी त्याच्या तोंडून ‘हजर’ हा शब्द चटकन फुटत नसे. तो अडखळला की मागच्या बाकांवरून ‘ह-ह-ह’ असा सूर निघे आणि वर्ग हसे. काही दिवसांनी तो नुसता हात वर करू लागला. मग शंका विचारणे थांबले, मग स्नेहसंमेलनात भाग घेणे. घरी सांगितल्यावर ‘मुले चिडवतातच, लक्ष देऊ नकोस’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे तोतरेपणा बराच कमी झाला, तरी नोकरीत फोन उचलणे तो टाळत राहिला. दोन सहकारी आपसांत हसले की ते आपल्यालाच हसत आहेत, असे त्याला आजही क्षणभर वाटते.

यामागची प्रक्रिया सरळ आहे. हल्ला केव्हा होईल हे ठाऊक नसल्याने मूल सतत सावध राहते. भीतीची जागा टाळली की लगेच हायसे वाटते, म्हणून टाळण्याची सवय पक्की होते. मात्र सगळे लोक त्रास देणारे नसतात, हे अनुभवण्याची संधी टाळल्यामुळेच हुकते. मोठ्यांनी मध्ये न पडल्यास ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ हा निष्कर्ष मूल स्वतःच काढते.

हे परिणाम किती लांब पोहोचतात, याचा भक्कम पुरावा ब्रिटनमधून मिळतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १९५८ साली मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा अनेक दशके करण्यात आला. मुले ७ आणि ११ वर्षांची असताना छळाबद्दल पालकांना विचारले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ७,७७१ जणांची माहिती होती. त्यांपैकी सुमारे २८ टक्के मुलांना अधूनमधून, तर १५ टक्के मुलांना वारंवार त्रास झाला होता. वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये वयाच्या ४५व्या वर्षी नैराश्य, चिंताविकार आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण अधिक आढळले. घरची परिस्थिती आणि बालपणीची बुद्धिमत्ता हिशेबात घेऊनही हा फरक टिकून राहिला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या १,४२० मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले. त्यात स्वतः छळ सोसून इतरांनाही छळणाऱ्या मुलांची पुढील अवस्था सर्वांत बिकट दिसली.

तरीही हे भोग अटळ नाहीत. ब्रिटनमधल्याच ११ हजारांहून अधिक जुळ्यांच्या अभ्यासात (२०१७) छळाचा चिंतेवरचा थेट परिणाम दोन वर्षांनी दिसत होता, पण पाच वर्षांनी ओसरलेला आढळला. लोकांविषयीचा संशय मात्र अधिक काळ टिकला.

यावरून पालकांनी करायच्या गोष्टी स्पष्ट होतात. ‘शाळा कशी होती?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसलास?’ असे नेमके विचारावे. सकाळी पोट दुखणे, वस्तू हरवणे, बसने जायला नकार देणे याकडे लक्ष द्यावे. ‘तूही दोन ठेवून दे’ असा सल्ला देऊ नये, कारण बळ मुळातच असमान असते. तारीख, जागा आणि प्रकार लिहून ठेवून वर्गशिक्षक व मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. दोन्ही मुलांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावू नये. त्याने सोसणाऱ्यावर दडपण येते. शिक्षकांनी पाहणाऱ्या मुलांकडेही वळावे, कारण छळणाऱ्याला बळ मिळते ते त्यांच्या हसण्यातून.

ज्यांचे शालेय वय मागे पडले आहे, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जाताना शाळेतल्या छळाचा उल्लेख आवर्जून करावा. विचारले नाही म्हणून तो राहून जातो आणि उपचार केवळ झोपेच्या किंवा चिडचिडीच्या तक्रारीपुरते होतात. टाळलेल्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरे जाण्याची उपचारपद्धती अशा भीतीवर उपयोगी ठरते. प्रस्तुत लेखकाने आधी ओळखीच्यांचे फोन घेतले, नंतर अनोळखी माणसांचे आणि शेवटी बैठकीत बोलणे सुरू केले.

तातडीची गरज असल्यास केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि चोवीस तास सुरू असतो. मुलांना मदतीसाठी १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.