पाकिटावरची लाल रेघ

"दोन पावरच्या गोळ्या द्या जी, उद्या वावरात जाचं हाये." नांदगाव खंडेश्वरला निंदणाच्या दिवसांत मेडिकलवर ही मागणी हमखास ऐकू येते. पावरची गोळी म्हणजे बहुधा अँटिबायोटिक. ताप आला म्हणून अँटिबायोटिक मागून घेऊ नका. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकनगुन्या हे विषाणूंचे आजार. त्यांवर ही गोळी काहीच करत नाही.

आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जा. पूर्वी एखाद्या गोळीने अंगावर पुरळ उठले होते का, दिवस गेलेत का, बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारायची वाट न पाहता सांगा. गवतात, धुऱ्यावर काम केले असेल तर तेही सांगा, आणि अंगावर कुठे काळी खपली दिसत असेल तर दाखवाच. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते; हा ताप विदर्भात पावसाळ्यात होतो आणि वेळीच ओळखला तर डॉक्सीसायक्लिनने बरा होतो.

मग मेडिकल. पाकिटावर उभी लाल रेघ असली की ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 या सरकारी यादीतल्या औषधांची विक्री दुकानदाराला रजिस्टरमध्ये लिहावी लागते. त्याने नाव विचारले तर रागावू नका. चिठ्ठीवर जितक्या गोळ्या तितक्या सगळ्या घ्या. पैसे कमी पडत असतील तर निम्म्या घेऊन घरी येऊ नका, डॉक्टरांना तसे सांगा.

आता वेळ. 'दिवसातून तीनदा' म्हणजे जेवणाला जोडून नव्हे, साधारण आठ-आठ तासांनी: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दुपारची गोळी शिदोरीसोबत बांधून न्या आणि डबा सावलीत ठेवा. एखादी राहिली तर आठवताच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नकोत.

डॉक्सीसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. दूध, लोहाची गोळी, अ‍ॅसिडिटीचे औषध यांच्यापासून दोन तासांचे अंतर ठेवा. डॉक्सीसायक्लिनने उन्हात कातडीही भाजू शकते, म्हणून वावरात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा.

लेकराच्या कोरड्या सिरपला जास्त जपा. पाणी उकळून पूर्ण थंड करा. बाटली आपटून भुकटी मोकळी करा, निम्मे पाणी घालून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. पाणी जास्त झाले तर औषध पातळ होते आणि मात्रा कमी पडते. घरच्या चमच्याने देऊ नका, सोबतच्या मापानेच द्या, आणि दर वेळी बाटली हलवा. बाटलीवर लिहिलेल्या दिवसांनंतर, बहुधा सातव्या दिवसानंतर, उरलेले टाकून द्या.

गोळीनंतर ओठ, चेहरा सुजला किंवा दम लागला तर लगेच 108 ला फोन करा. जुलाब फार वाढले, रक्त पडले तर डॉक्टरांना गाठा. दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही तरी परत जा, गोळी स्वतः बदलू नका.

तिसऱ्या दिवशी बरे वाटते, आणि अनेक घरांत गोळ्या तिथेच थांबतात. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्या. तरीही चार उरल्याच, तर त्या शेजारच्या बाईला देऊ नका. तिचा ताप वेगळा असू शकतो.