कुमारकथेंतील कोवळी प्रीति

वार्षिक अंकासाठीं कथा लिहूं लागलेल्या विद्यार्थ्यांस एक प्रश्न हटकून अडवितो. १२-१३ वर्षांच्या नायकास वर्गांतील एखादी मुलगी आवडूं लागली, तर तें लिहावें कीं गाळावें? गाळावें, असें पुष्कळ पालक म्हणतील. परंतु ही भावना त्या वयास स्वाभाविक आहे. घरीं व शाळेंत तिचें नांवही निघालें नाहीं, तर मुलें तिची माहिती भलतीकडून मिळवितात. म्हणून ती अवश्य लिहावी. मात्र शब्दांपेक्षां कृतींतून दाखवावी, असें आम्हांस वाटतें.

मार्क ट्वेन यांच्या ‘टॉम सॉयर’ या १८७६ सालच्या कादंबरींत बेकीच्या हातून गुरुजींच्या पुस्तकाचें पान फाटतें. गुरुजी एकेकास दरडावून विचारीत बेकीपर्यंत येतात, तोंच टॉम ताडकन् उठून अपराध आपल्या माथीं घेतो व तिच्या वांट्याचा मार खातो. कॅनडाच्या माँटगोमेरीबाईंच्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ (१९०८) मध्यें गिल्बर्ट ॲनच्या तांबड्या केसांची थट्टा करतो, तेव्हां ती त्याच्या डोक्यावर पाटी फोडते. अखेरीस ॲनला घराजवळ राहतां यावें म्हणून तो मिळालेली शिक्षकाची जागा सोडतो, आणि दोघांची मैत्री जुळते. आपल्याकडील मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरींत नववींतील मुकुंद आवडत्या मुलीस ‘शिरोडकर’ असें आडनांवानेंच ओळखतो. शाळकरी वयाचा संकोच त्या एका शब्दांत उतरला आहे.

आतां आपण लिहून पाहूं. ‘त्याचें तिच्यावर फार प्रेम होतें,’ या वाक्यानें डोळ्यांपुढें कांहींच उभें राहत नाहीं. ‘पावसांत तिची वही भिजली, तेव्हां त्यानें रात्रीं जागून सारे धडे तिच्यासाठीं उतरून काढले,’ असें लिहिलें कीं मन दिसतें.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कथेंतील मुलीसही स्वतःचें मन असावें. तिनें ‘नाहीं’ म्हटलें, तर नायकानें तें मानानें सोसावें. तसेंच खऱ्या सहाध्यायिनीचें नांव किंवा खूण कथेंत आणूं नये. आपल्या लेखणीपायीं तिला चारचौघांत खालीं मान घालावी लागेल.

पालकांसही विनंती आहे. मुलाच्या वहींत अशी कथा सांपडल्यास हंसूं नये, रागावूंही नये. ती शांतपणें वाचावी व नायक कसा वागला, एवढेंच विचारावें. त्या उत्तरांतून आपलें मूल आपणांस अधिक कळेल.