विज्ञानाची चाचणी : शब्दांची नव्हे, समजुतीची

माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत प्रत्येक विद्यार्थ्यास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांची मूलतत्त्वे शिकावी लागतात. त्यानंतर वाटा वेगळ्या होतात. कोणी वाणिज्य शाखेकडे वळतो, कोणी कला शाखेकडे, कोणी तांत्रिक शिक्षणाकडे, तर कोणी घरच्या शेतीत वा दुकानात लक्ष घालतो. यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांचे विज्ञानाचे औपचारिक शिक्षण दहावीतच संपते. म्हणून त्या टप्प्यावर त्यांच्यापाशी विज्ञानाची जी समज असेल, तीच पुढे स्वयंपाकघरात, विहिरीवर, शेतात आणि आजाऱ्याच्या उशाशी त्यांच्या उपयोगी पडावयाची असते. ही समज खरोखर आली आहे की नाही, हे पाहण्याचे साधन म्हणजे चाचणी. साधनच सदोष असेल, तर गुणपत्रिका सुंदर आणि समज कोरी अशी अवस्था होते.

पूर्वपीठिका

शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले. पुढे १९५७-५८ मध्ये ब्लूम भारतात आले आणि परीक्षासुधारणेसंबंधी ठिकठिकाणी कार्यशिबिरे झाली. ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य ही चार उद्दिष्टे आणि त्यांनुसार प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता तयार करण्याची पद्धत आपल्या अध्यापक महाविद्यालयांत रुजली, ती या चळवळीतून. अलीकडे, ४ डिसेंबर २०२४ रोजी, देशभर जे ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, त्यात इयत्ता तिसरी, सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली आणि नववीसाठी विज्ञान हाही एक विषय होता.

तथापि सर्वेक्षण संपूर्ण जिल्ह्याचे चित्र दाखविते. वर्गातील एका विद्यार्थ्याचा नेमका घोटाळा कोठे आहे, हे ते सांगू शकत नाही. ते काम शिक्षकाच्या घटक चाचणीचे आहे. ‘किती गुण मिळाले’ हे सांगणारी चाचणी आणि ‘काय चुकले व का चुकले’ हे सांगणारी नैदानिक चाचणी, या दोहोंतील फरक येथे ध्यानात घ्यावयास हवा. पुढील नमुना-प्रश्न दुसऱ्या प्रकारचे आहेत.

भौतिकशास्त्र

‘न्यूटनचा पहिला नियम लिहा’ या प्रश्नाला वर्गातील बहुतेक मुले बिनचूक उत्तर देतात. त्याच मुलांना पुढील प्रश्न विचारून पाहावा.

प्रश्न : एक चेंडू सरळ वर फेकला. हात सुटल्यानंतर तो वर जात असताना त्यावर कोणते बल कार्य करीत असते? (हवेचा विरोध विचारात घेऊ नये.)
(अ) फक्त हाताचे, वरच्या दिशेने (आ) हाताचे वर व गुरुत्वाचे खाली (इ) फक्त गुरुत्वाचे, खाली (ई) कोणतेही नाही

योग्य उत्तर (इ) हे आहे. परंतु अनेक विद्यार्थी (आ) हा पर्याय निवडतात. गती आहे म्हणजे त्या दिशेने बल असलेच पाहिजे, ही समजूत त्यामागे असते. बैलगाडी ओढणे थांबविले की ती थांबते, या नित्याच्या अनुभवातून ही समजूत आलेली असल्याने ती केवळ पाठांतराने जात नाही. गाडी थांबते ती घर्षणामुळे, हे सावकाश उलगडून दाखवावे लागते. याचा अर्थ असा की (आ) हे उत्तर चुकीचे असले तरी शिक्षकाला मोलाची माहिती देते. बहुपर्यायी प्रश्नातील चुकीचे पर्याय, ज्यांस विचलक म्हणतात, ते असे प्रचलित गैरसमजुतींतून निवडलेले असावेत; जागा भरण्यासाठी घातलेले नसावेत.

दुसरा प्रश्न उपयोजनाचा. वीज चमकलेली दिसल्यानंतर सहा सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. वीज सुमारे किती अंतरावर होती? ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरल्यास उत्तर २,०४० मीटर, म्हणजे दोन किलोमीटर येते. येथे गणित सोपे आहे. पुढचा उपप्रश्न महत्त्वाचा : अशा वेळी शेतात असलेल्या माणसाने काय करावे? चमक व गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज आपल्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आहे असे समजून पक्क्या इमारतीत जावे, एकाकी झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हे उत्तर ज्याला सुचले त्याला ध्वनीचा वेग समजला असे म्हणता येईल. वळवाच्या पावसात हे ज्ञान एखाद्याचा जीव वाचवू शकते.

रसायनशास्त्र

आम्ल व आम्लारी यांच्या व्याख्या पाठ असणारा विद्यार्थी घरातील उदाहरण ओळखतोच असे नाही. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडला. साबण लावताच पिवळा डाग लालसर झाला. पुष्कळ पाण्याने धुतल्यावर तो पुन्हा पिवळा दिसू लागला. कारण सांगा. हळद ही दर्शक आहे व साबणाचे पाणी आम्लारिधर्मी आहे, ही दोन विधाने जोडता आली म्हणजे उत्तर मिळते. हळदीपासून चुन्याच्या साहाय्याने कुंकू करण्याच्या जुन्या रीतीमागेही हेच तत्त्व आहे. या एका प्रश्नाने आकलन व उपयोजन या दोन्ही उद्दिष्टांची चाचणी होते आणि त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही.

भौतिक व रासायनिक बदलांचा भेद तपासण्यासाठी मिठागराचे उदाहरण घ्यावे. खाडीचे पाणी वाफ्यात आटते व मीठ उरते. हा बदल कोणता? कित्येक विद्यार्थी ‘नवा पदार्थ तयार झाला, म्हणून रासायनिक’ असे लिहितात. वस्तुतः मीठ पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत आधीपासूनच होते. त्याच वाफ्याच्या कडेला ठेवलेले लोखंडी फावडे गंजते, तो बदल मात्र रासायनिक होय. गंजलेल्या खिळ्याचे सारे गंज सांभाळून वजन केले तर ते पहिल्यापेक्षा कमी भरेल की अधिक? अधिक भरेल, कारण हवेतील ऑक्सिजन व पाण्याचा अंश त्याला येऊन मिळालेला असतो. ‘गंज लोखंड खातो’ या बोलीतल्या प्रयोगामुळे विद्यार्थी नेमके उलट उत्तर देतात.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास काय होईल? त्यातून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. हीच ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात घातली असता विहिरीचे पाणी निर्जंतुक होते. एकाच पदार्थाचे हित व अहित ज्याला सांगता आले, त्याचे रसायनशास्त्राचे ज्ञान पुस्तकाबाहेर आले असे मानावे.

जीवशास्त्र

आंब्याची कोय पेरली आणि काही वर्षांत टनभर वजनाचा वृक्ष झाला. त्याच्या लाकडातील द्रव्य मुख्यतः कोठून आले? ‘मातीतून’ हे उत्तर सर्वांत अधिक मिळते. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण तोंडपाठ असणारे विद्यार्थीही हे उत्तर देतात, हे विशेष. व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हा प्रश्न तराजूने तपासला होता. त्याने २०० पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचे विलोचे रोप लावले व पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाडाचे वजन १६९ पौंडांच्या वर गेले. मातीचे वजन मात्र सुमारे दोन औंसच घटले. त्यावरून झाड पाण्यापासूनच बनते, असे त्याने अनुमान काढले. त्याचे लेखन १६४८ मध्ये, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. मोजमाप चोख होते. पण हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याच्या हिशेबात आला नाही. हा प्रयोग उताऱ्याच्या रूपाने देऊन ‘निष्कर्षातील उणीव दाखवा’ असे विचारल्यास विद्यार्थ्याच्या विचारशक्तीची खरी पारख होते.

कैरीच्या फोडींना मीठ लावताच पाणी का सुटते, आणि बांध फुटून खाडीचे पाणी शिरले की खाजन शेतातील भाताचे रोप पाण्यात उभे असूनही का सुकते, हे दोन प्रश्न जोडीने विचारावेत. दोहोंचे उत्तर परासरणात आहे. पहिले येऊन दुसरे न आल्यास विद्यार्थ्याने उदाहरण पाठ केले आहे, तत्त्व नव्हे, असे समजावे.

आनुवंशिकतेवरील प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे. मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, हे सर्वांना लिहिता येते. त्याऐवजी असे विचारावे : एका घरात तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला दोष दिला जात आहे, शास्त्रीयदृष्ट्या हे योग्य आहे काय? मातेकडून प्रत्येक अपत्यास एक्स गुणसूत्रच मिळते; पित्याकडून एक्स वा वाय मिळते आणि त्यावरून मुलगी वा मुलगा ठरतो. त्यातही पित्याचा काही अपराध नसतो, कारण हा योगायोगाचा भाग आहे. तीन मुलींनंतरही चौथे अपत्य मुलगा होण्याची शक्यता जवळजवळ निम्मीच राहते. हे उत्तर लिहिणारी विद्यार्थिनी उद्या आपल्या घरातही ते सांगू शकेल. ज्या उत्तराने एखाद्या निरपराध स्त्रीचा छळ थांबू शकतो, त्याला प्रश्नपत्रिकेत चार गुण राखून ठेवणे मुळीच अधिक नाही.

भाषेची अडचण

विज्ञानाच्या चाचणीत अनेकदा भाषेचीच परीक्षा होते. ‘कार्य’, ‘शक्ती’, ‘बल’ हे शब्द व्यवहारात सैलपणे वापरले जातात. शास्त्रात त्यांचे अर्थ काटेकोर आहेत. डोक्यावर पाटी घेऊन एका जागी उभा राहिलेला हमाल घामाघूम झाला तरी पाटी हललेली नसल्याने तिच्यावर शास्त्रीय अर्थाने कार्य झालेले नसते. ‘पपई उष्ण असते’ या वाक्यातील उष्णतेचा तापमापकाशी संबंध नाही. ‘वजन’ व ‘वस्तुमान’, ‘उष्णता’ व ‘तापमान’ या जोड्याही अशाच. गोव्यात पुष्कळ मुले प्राथमिक शिक्षण मराठीतून वा कोंकणीतून घेतात आणि पुढे इंग्रजी माध्यमातून विज्ञान शिकतात. अशा विद्यार्थ्याचे उत्तर चुकले, तर तत्त्व कळले नाही की प्रश्न कळला नाही, हे शोधण्यासाठी तोच प्रश्न त्याच्या मायबोलीतून तोंडी विचारून पाहावा. अनेकदा कोरी राहिलेली जागा तोंडी उत्तराने भरून निघते.

हाताने केलेले विज्ञान

कौशल्याची चाचणी कागदावर होऊ शकत नाही. या संदर्भात मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्याचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९७२ साली सोळा पूर्वमाध्यमिक शाळांत प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व पूर्वमाध्यमिक शाळांत पोहोचला आणि नंतर इतर काही जिल्ह्यांतही गेला. विद्यार्थ्यांना परीक्षेत पुस्तक व स्वतःची प्रयोगवही जवळ ठेवण्याची मुभा होती. शिवाय प्रात्यक्षिक परीक्षा स्वतंत्र होती. पुस्तक समोर असल्याने पाठांतराचे प्रश्न निरर्थक ठरत आणि प्रश्नकर्त्यालाच विचार करावा लागे. २००२ साली हा कार्यक्रम शासकीय निर्णयाने बंद झाला. तथापि ग्रामीण शाळांत, साध्या साहित्यावर अशी परीक्षा घेता येते, हे त्याने तीस वर्षे दाखवून दिले. वर्षातून एखादी घटक चाचणी पुस्तक उघडे ठेवून घेण्यास कोणत्याही शाळेला अडचण नसावी.

प्रश्नांचीही परीक्षा

चाचणीनंतर विद्यार्थ्यांप्रमाणे प्रश्नांनाही गुण द्यावेत. समजा, वर्गात ४० विद्यार्थी आहेत. एकूण गुणांनुसार उत्तरपत्रिका लावून वरच्या व खालच्या प्रत्येकी सुमारे २७ टक्के, म्हणजे अकरा-अकरा, वेगळ्या काढाव्यात. एखादा प्रश्न वरच्या गटातील ९ व खालच्या गटातील ४ विद्यार्थ्यांनी बरोबर सोडविला असेल, तर २२ पैकी १३ उत्तरे बरोबर आली. हे प्रमाण ५९ टक्के, म्हणजे प्रश्न मध्यम काठिण्याचा आहे. दोन्ही गटांतील फरक ५. त्यास ११ ने भागल्यास ०.४५ ही भेदनक्षमता मिळते. ती ०.३० हून अधिक असल्यास प्रश्न प्रश्नपेढीत ठेवावा, ०.२० हून कमी असल्यास सुधारावा. ती उणे आल्यास, म्हणजे हुशार मुले चुकली व मागे पडलेली बरोबर आली असे आढळल्यास, प्रथम उत्तरसूचीच चुकली नाही ना, हे पाहावे. चार शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसून हे काम केल्यास दोन-तीन वर्षांत विभागापुरती उत्तम प्रश्नपेढी तयार होऊ शकते.

जबाबदारी कोणाची?

यात शिक्षकाचा वाटा सर्वांत मोठा आहे, पण तो एकट्याचा नाही. शाळातपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी निकालाच्या टक्केवारीबरोबर एखादी प्रश्नपत्रिकाही मागवून वाचावी आणि तीत पाठांतराचे प्रश्न किती व विचाराचे किती, हे पाहावे. पालकांनी व ग्रामस्थांनी ‘किती गुण पडले?’ एवढेच विचारून थांबू नये. डागाला साबण लावताना, बंद विहिरीत उतरण्याची गोष्ट निघाली असता, तापाच्या आजाऱ्याला औषध देताना मुलांना ‘असे का?’ म्हणून विचारावे. बराच काळ बंद असलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो वा विषारी वायू साचलेला असू शकतो, म्हणून मागे कोणी कोसळला तरी विशेष साधनांवाचून दुसऱ्याने उतरू नये, हे ज्या गावातील शाळकरी मुलांना कारणासह सांगता येते, त्या गावाने विज्ञानाची खरी परीक्षा उत्तीर्ण केली असे म्हणावयास हरकत नाही.